मर्डो, दोनदा

अठराशे एकसष्टच्या शिरगणतीत
टॉर्किल मॅकायव्हर, शेतकरी, वय अडतीस,
बायको एफी,
खाली पोरं, उतरत्या भाजणीने.
कारकुनाचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.
आडनाव त्याने एकाच पानावर तीन तऱ्हांनी लिहिलंय.
मला त्याचं काही वाटलं नाही.
ह्युरॉन सरोवराच्या या काठाला तीस वर्षं टपाल वाटलंय मी,
चुकीच्या पत्त्यावरून बरोबर माणूस काढलाय.

जहाजाच्या यादीत, दहा वर्षं आधी: मर्डो, वय दोन.
शिरगणतीत: मर्डो, वय आठ.
मी म्हटलं, चूक. बाराचे आठ झाले असणार.
खोडरबर घेतलं
आणि एक मर्डो पुसून टाकला.
बाकीचं सगळं झकास जुळलं.
अकरा वर्षं जुळून राहिलं.

दर ऑगस्टला चर्चच्या तळघरात जमतो आम्ही.
लांब टेबलावर वंशवेलीची गुंडाळी पसरायची,
कोपऱ्यांवर लोणच्याच्या बरण्या ठेवायच्या.
मग लॅकलन उठतो, घसा खाकरतो,
आणि टॉर्किल एका कुऱ्हाडीने जंगल हटवतो.
दरवर्षी एल्मचा बुंधा हातभर रुंद होतो.
लूइस बेटावरून निघताना भाडं जमीनदाराने भरलं,
कारण त्याला मेंढ्यांसाठी जागा हवी होती,
हे लॅकलन सांगत नाही.
आणि ज्या वाटेने ते रानात शिरले
ती आधीच कुणाच्या तरी पायांनी मळलेली होती,
हे मीही फार उशिरा सांगायला लागले.

मग सस्कॅचवानहून एक खोकं आलं.
कुणी चुलत-चुलत बाई वारली,
तिच्या पोरांना नको असलेलं सगळं माझ्याकडे.
तळाशी बायबल, कोऱ्या पानावर गेलिक.
माझ्या आजीला ती भाषा फक्त रागावायला येत होती,
मला तेवढीही नाही.
केप ब्रेटनच्या ॲलेक रॉरीला फोनवर
एकेक अक्षर सांगत गेले.
तो म्हणाला, मर्डो. बर्फात.
मग बराच वेळ काहीच बोलला नाही.
त्याच्याकडे केटलीची शिटी वाजत होती.
म्हणाला, खाली पुन्हा मर्डो. पेरणीच्या वेळेला.
मी विचारलं, वरच्यावर काट मारलीय?
नाही गं, म्हणाला. काट कशाला मारतील?

दुसऱ्या दिवशी न्हाणीघरातला आरसा काढला,
गाडीत घोंगडीवर ठेवला.
झिजलेला दगड समोरून वाचता येत नाही,
ऊन तिरकं पाडावं लागतं.
भाचीने आरसा धरला, मी गुडघ्यांवर.
कुंपणालगत, सुताराने न घडवलेला,
नांगराला लागून वर आलेला असावा असा धोंडा.
ऊन सरकलं आणि एक एम उभा राहिला.
त्याखाली दोन रेघा.
दोन वर्षं, की दोन हिवाळे?
टॉर्किलच्या छिन्नीला एवढंच जमलं.

माझा पणजोबा दुसरा मर्डो.
मेलेल्या भावाचं नाव,
बहुधा त्याचाच सदराही.
एफी संध्याकाळी दारातून हाक मारायची
तेव्हा कोणाला मारायची, हे कुठल्याच वहीत नाही.

यंदा लॅकलननंतर मी उठले.
कागदपत्रं आणली होती, ती काढलीच नाहीत.
सगळं सांगून झाल्यावर
लॅकलन टोपी हातात फिरवत राहिला,
मग म्हणाला, म्हणजे वेल पुन्हा छापायची?
मागच्या बाकावरून एका पोरीने विचारलं,
त्याला काय आवडायचं?
मला माहीत नव्हतं. तसंच सांगितलं.

बरणी सरकवून पेन घेतलं.
खोडलेल्या जागी कागद पातळ झाला होता,
शाई आरपार गेली,
टेबलाच्या पाइन लाकडात नाव उलटं उमटलं.
चर्चच्या बाईंना म्हटलं, येऊन घासून देते.
सप्टेंबर संपत आला.
अजून गेले नाही.